नारळावर चढताना मशीनची खालची फ्रेम सटकते: कारणं, उपाय आणि मशीन नेण्या-आणण्याबद्दल

तक्रार जवळजवळ सारख्याच शब्दांत येते. "खाली असताना मशीन झकास धरतं. दोन-तीन पुरुष उंचीवर गेलं की खालची फ्रेम सटकते." कोणी वायर बदलून आलेला असतो, कोणी नवं रबर लावून. कोणी सरळ मशीनच बदललेलं असतं आणि नव्यातही तेच होतं. ठाण्यात बाळकुम-कोलशेतच्या बाजूला माडांचं काम करणाऱ्यांची मशीनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, अधूनमधून ऐरोली-घणसोलीच्या गावठाणांतूनही येतात. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. सटकायचं कारण खोडात असतं, आणि ते जमिनीवर उभं राहून, चढायच्या आधी मोजता येतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कुठल्या मशीनबद्दल बोलतोय ते सांगतो. आपल्याकडे नारळावर चढायची दोन प्रकारची मशीनं दिसतात. एक उभ्याने चढायचं. डाव्या पायाला एक फ्रेम, उजव्या पायाला एक, दोन्हींच्या वायरचे फास खोडाभोवती, आणि सायकलचे पेडल मारावेत तसे पाय आळीपाळीने वर न्यायचे. दुसरं बसायचं. वरच्या फ्रेमवर बैठक, खालच्या फ्रेमवर पाय. बैठकीवर बसून पायांनी खालची फ्रेम उचलायची, मग तिच्यावर उभं राहून हातांनी वरची सरकवायची. सटकण्याची तक्रार दोन्हींत येते, पण बसायच्या मशीनमध्ये ती जास्त घातक ठरते. तिथे खालची फ्रेम गेली की माणूस बैठकीवर अडकून राहतो आणि पायाखाली काहीच उरत नाही.

पकड बसते कशी

या मशीनना खोडाला आवळून धरणारा स्क्रू किंवा स्प्रिंग नसते. पकड येते ती तुमच्या वजनाने. तुम्ही फ्रेमवर खोडापासून थोडं बाहेर उभे असता. त्या वजनाने फ्रेमची बाहेरची बाजू खाली जाऊ पाहते, आतला रबराचा आडवा दांडा खोडाच्या पुढच्या अंगावर दाबला जातो आणि मागचा फास पलीकडच्या अंगावर खेचला जातो. दांडा खाली, फास वर, मध्ये खोड, अशी ती पाचर बसते. वजन काढून फ्रेमचं बाहेरचं टोक वर उचललं की पाचर सुटते आणि फ्रेम सरकते. चढणं म्हणजे ही पाचर पुन्हा पुन्हा बसवणं आणि सोडवणं.

यातून दोन गोष्टी लगेच कळतात. पहिली म्हणजे खोडाला चिकटून, पायाच्या चवड्यांवर, पोट माडाला लावून उभं राहिलं तर पकड कमी होते. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो. झाडाला मिठी मारतो, वजन आत जातं आणि फ्रेम ढिली पडते. टाचा बाहेरच्या दांड्यावर ठेवून, थोडं मागे रेलून उभं राहायला धीर लागतो, पण पकड तिथेच आहे. नवशिक्याला मी आधी जमिनीपासून हातभर उंचीवर हेच करायला लावतो. पुढे-मागे झुकून बघ, फ्रेम कधी धरते आणि कधी सोडते ते पायाला कळू दे. ते कळेपर्यंत वर जाऊ देत नाही.

दुसरी गोष्ट मापाची आहे. फासाची लांबी जमिनीवर एकदा ठरते आणि बहुतेक मशीनमध्ये वर गेल्यावर ती बदलता येत नाही. खोड मात्र वर बदलतं. खोड बारीक झालं की तोच फास सैल होतो, फ्रेम ओणवी होते, म्हणजे बाहेरचं टोक आडव्या रेषेच्या खाली जातं. मग पाय उतरत्या पाटीवर ठेवल्यासारखे घसरतात, आणि ठरावीक कोनापुढे रबर खोडावर नीट टेकतच नाही. "खाली धरतं, वर सटकतं" याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो.

माड वर कसा बदलतो

आंबा, फणस, वड यांची खोडं दरवर्षी जाड होतात, कारण सालीखाली वाढीचा थर असतो. माडाला तो थर नाही. माडाचं खोड ज्या उंचीवर ज्या जाडीचं तयार झालं, तेवढंच आयुष्यभर राहतं. बुंधा सुजल्यासारखा रुंद, त्यावर बऱ्यापैकी एकसारखं खोड, आणि शेंड्याकडे थोडं बारीक, हा झाला सरळ माड. पण शहरातले माड सरळ आयुष्य जगलेले नसतात. एखाद्या वर्षी बांधकामात मुळं तुटली, आवारात भराव टाकला, दोन उन्हाळे पाणी मिळालं नाही, की त्या काळात जे खोड बनलं ते बारीकच बनतं. पुढे माड सावरतो, वरचं खोड पुन्हा जाड येतं, पण तो बारीक गळा तिथेच राहतो. खालून बघताना तो सहज दिसत नाही. घोडबंदर रोडवर ज्या सोसायट्या जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिल्या आणि मूळचे माड राखून ठेवले, तिथे असे गळे बरेच सापडतात.

म्हणून "दर वर्षी त्याच उंचीवर सटकतं" असं कोणी सांगितलं की मी मशीनकडे बघतही नाही. आधी माड दाखव म्हणतो.

मोजायचं कसं? छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळून घेर घ्या. मग शिडी लावून जितकं वर सुरक्षितपणे पोचता येईल तिथला घेर घ्या. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. समजा खाली घेर ११३ सेंटीमीटर आणि वर ८८. म्हणजे व्यास ३६ वरून २८ वर आला, ८ सेंटीमीटरचा फरक. इतक्या फरकात फ्रेम चांगलीच ओणवी होणार, मग रबर कितीही नवं असो. शिडी पोचत नाही त्या भागासाठी दूर उभं राहून चारही बाजूंनी खोड नीट न्याहाळा. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला की गळा लगेच ओळखू येतो.

त्यावर उपाय सोपा आहे. चढायला सुरुवात करताना फ्रेम आडवी ठेवू नका. बाहेरचं टोक वर उचललेलं राहील असा फास लावा. खाली उभं राहताना ते विचित्र वाटतं, पाय चढावर ठेवल्यासारखे होतात. पण वर जाऊन खोड बारीक होत गेलं की फ्रेम आपोआप आडवी होत जाते, आणि जिथे थांबून काम करायचं तिथे, शेंड्याखाली, ती सपाट असते. बहुतेक लोक उलटं करतात. खाली फ्रेम मस्त सपाट लावतात आणि वर तिचा उतार करून घेतात.

बुंध्याच्या सुजेवरून सुरुवात केली तर हा फरक आणखी वाढतो. तिथे फास लांब घ्यावा लागतो आणि हातभर वर गेल्यावर तो सैल पडतो. रुंद बुंधा असेल तर पक्क्या शिडीवर उभं राहून, सुजेच्या वर, सरळ खोडावर मशीन लावा. शिडी खाली कोणीतरी धरलेली हवी. उतरताना पाय टेकायलाही ती लागते.

गळा मधेच असेल आणि वर खोड पुन्हा जाड होत असेल तर एका फासाच्या मापात भागत नाही. जाड भागात फास अडकतो, बारीक भागात सटकतो. अशा माडावर मशीन लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दोरावर चढणारा अनुभवी माणूस बोलवा, किंवा सोसायटीच्या आवारात गाडी येत असेल तर बकेट असलेली हायड्रॉलिक गाडी भाड्याने घ्या. दोन माडांसाठी ती महाग पडते, पण आठ-दहा माडांचं काम एकदम काढलं तर परवडते.

श्रावणातली घाई

ही तक्रार वर्षातून दोनदा उसळते. एकदा मेमध्ये, पावसाआधी सोसायट्यांना सुक्या झावळ्या आणि नारळ उतरवायचे असतात, गाड्यांच्या काचांची काळजी असते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा श्रावणात. नारळी पौर्णिमा, पाठोपाठ गणपती. नारळाला मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हाच खोड सगळ्यात निसरडं असतं. जून-जुलैचा पाऊस अंगावर घेतलेल्या खोडावर हिरवं शेवाळ धरतं. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या बोळात लावलेल्या माडांना ऊन लागतच नाही, तिथे पाऊस थांबून आठवडा झाला तरी खोड ओलसर असतं.

शेवाळ खोडाच्या चारही अंगांना सारखं नसतं. सावलीच्या अंगाला जास्त, उन्हाच्या अंगाला कमी. रबराचा दांडा जिथे टेकतो ते अंग कोरडं असणं सगळ्यात महत्त्वाचं. म्हणून मशीन लावताना तुम्ही खोडाच्या उन्हाच्या बाजूला असाल असं बघा. माड झुकलेला असेल तर तो ज्या दिशेला कलला आहे त्याच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे पाठीवरून चढायचं असतं. ही दोन्ही गणितं जुळत नसतील, झुकाव एकीकडे आणि शेवाळ नेमकं पाठीवर, तर खोड सुकेपर्यंत थांबा. हाताच्या उंचीपर्यंतचं शेवाळ काथ्याच्या ब्रशने घासून काढता येतं, पण फसगत तिथेच होते. खालचं स्वच्छ खोड बघून माणूस निर्धास्त होतो आणि वरचं शेवाळ तसंच असतं.

पाऊस थांबल्यावर किती वेळाने चढावं, असं बरेच जण विचारतात. घड्याळावर याचं उत्तर नाही. कोरडा सुती फडका खोडावर जोरात दाबा, चार-पाच ठिकाणी. ओल लागली की त्या दिवशी काम बंद. ग्राहक कितीही घाई करो. "अहो दादा, उद्या गणपती बसणार" हे वाक्य दरवर्षी ऐकावं लागतं, आणि दरवर्षी हात जोडून नाही म्हणावं लागतं. बाजारात नारळ मिळतो.

वायर, रबर, पिना

खोड ठीक आहे आणि तरी सटकतंय, मग मशीनकडे वळा.

रबर आधी बघा. उन्हात ठेवलेलं रबर कडक होतं, त्याला चकाकी येते. नखाने दाबून खळगा पडत नसेल तर ते बदला. टायरचा तुकडा कापून बसवणारे आहेत. तो चालतो, पण नक्षी झिजलेला गुळगुळीत तुकडा नको, आणि त्यातून बाहेर डोकावणारी तार तर अजिबात नको. काही जण पकड वाढवायला दांड्याला लोखंडी दात वेल्ड करून मागतात. मी ते करत नाही. माडाच्या खोडाची जखम भरून येत नाही, कारण वर सांगितलेला वाढीचा थरच तिथे नसतो. जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो, आणि अळ्या खोड आतून पोखरतात. एका हंगामाच्या सोयीसाठी माड गमावायचा नाही.

वायर खाडीजवळ लवकर गंजते. कोपरी, कळवा, ऐरोलीच्या खाडीकाठच्या हवेत हा फरक जाणवतो. उघड्या वायरचा गंज निदान दिसतो. प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या वायरमध्ये पाणी टोकांतून आत शिरतं आणि गंज आतल्या आत वाढतो, बाहेरून वायर नवी दिसत राहते. म्हणून आवरणाची टोकं, जिथे वायर क्लिपमध्ये किंवा दाबलेल्या बुशमध्ये शिरते, तिथे तपासा. तांबूस पाणी ओघळल्याचा डाग दिसला की ती वायर संपली. उघड्या वायरवरून जाड हातमोजा किंवा कापसाचा बोळा फिरवा. कुठे अडकला तर तिथे तार तुटलेली आहे. एकदा मुरड पडून तिथे टोकदार कोपरा झालेली वायरही बाद. हाताने सरळ केली तरी त्या जागी ती कमजोरच राहते.

फास वायर क्लिप लावून केला असेल तर क्लिपची दिशा बघा. इंग्रजी यू आकाराचा बोल्ट मोकळ्या टोकाच्या बाजूला आणि खोगीर (क्लिपचा खाच असलेला जाड तुकडा) भार घेणाऱ्या वायरवर, असंच हवं. उलटं लावलं तर बोल्ट भार घेणारी वायर चेपतो. क्लिप किमान तीन, सगळ्या एकाच दिशेने. नव्या वायरवर एकदा भार देऊन नट पुन्हा आवळा, वायर भाराखाली थोडी बारीक होते आणि नट सैल पडतात.

आणि पिना. कॉटर पिन हरवली म्हणून तिथे खिळा वाकवून घातलेलं मशीन मी परत देत नाही, आधी पिन बसवतो. ती काही रुपयांची वस्तू आहे. खिशात चार जादा ठेवा.

खालची फ्रेम सुटलीच तर

वरची आणि खालची फ्रेम एकमेकींना दोरीने बांधलेली असलीच पाहिजे. मशीनबरोबर अशी दोरी आलेली असेल तर ती काढून ठेवू नका, नसेल तर बांधा. पॅराशूट दोरी किंवा तशीच मजबूत नायलॉनची. लांबी इतकी की चढताना आड येऊ नये आणि खालची फ्रेम सुटली तर ओढून पुन्हा पायाशी आणता यावी. म्हणजे बसल्यावर पाय पूर्ण ताणून फ्रेम जिथे असते, त्याहून वीतभर जास्त. पायाचे पट्टे टाचेमागून घट्ट हवेत. सैल पट्ट्यातून पाय निसटतो आणि नुसतं पायाने ढकलल्यावरही फ्रेम खाली जाते. यात खोडाचा दोष काहीच नसतो.

फ्रेम सुटून खाली लटकली तर घाईने पाय झाडू नका. बैठकीवर मागे रेलून बसा, वजन वरच्या फ्रेमवर बाहेर ठेवा, मग दोरीने खालची फ्रेम हळूहळू वर ओढा, पाय पट्ट्यात घाला आणि टाचांनी दाबून पाचर बसवा. ती बसल्याची खात्री होईपर्यंत उभं राहू नका. त्यानंतर थेट खाली या. काम अर्धं राहिलं तरी.

हे सगळं हार्नेस असेल तरच बोलण्यात अर्थ आहे. नुसता कमरेचा पट्टा चालत नाही, पडल्यावर तो बरगड्यांखाली आवळतो आणि माणूस उलटाही होऊ शकतो. खांदे, छाती, मांड्या सगळ्यांना धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. त्याचा दोर खोडाभोवती वेगळ्या फासाने, मशीनच्या वर, डोक्याच्या उंचीवर असावा आणि बसल्यावर त्यात ढील जवळजवळ नसावी. जमीन सोडताना तो लावायचा आणि जमिनीवर पाय टेकल्यावरच काढायचा. दर दोन पावलांनी वर सरकवावा लागतो, त्याचा कंटाळा येतो. पण पडायची वेळ बहुधा चढता-उतरतानाच येते आणि नेमका तेव्हाच लोकांनी तो काढलेला असतो.

हार्नेसमध्ये लटकून राहणंही धोक्याचं आहे. निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. म्हणून हार्नेसला पाय घालायला एक फास जोडून ठेवा, त्यात उभं राहून मांड्यांवरचा दाब कमी करता येतो. खाली दुसरा माणूस असल्याशिवाय चढू नका, आणि फोन अंगावर ठेवा, पिशवीत नको. अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८.

शिकारीचा स्टँड माडावर?

अमेरिकेहून कोणी नातेवाईक 'क्लायंबिंग ट्री स्टँड' घेऊन येतो आणि तो इथे माडासाठी वापरायचा विचार सुरू होतो, असं आता दिसायला लागलं आहे. बसायचं मशीन आणि हा स्टँड यांचं तत्त्व एकच आहे. तिकडे हरणाच्या शिकारीसाठी त्यावर बसून वाट बघतात. इकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे येऊरच्या जंगलात तो नेण्याचा प्रश्नच नाही. पक्ष्यांचे फोटो काढायला म्हणूनही नेऊ नये, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे ती. आपल्याकडच्या अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला मचाणावर बसवतात ते वन विभागच बसवतो, मचाण त्यांचंच असतं.

माडावर तो चालेल का? त्याचे दात खरखरीत, जाड सालीत रुतण्यासाठी केलेले असतात. माडाला तशी साल नाही, झावळी गळल्याच्या खुणांची वलयं आहेत. दात एक तर वलयावरून घसरतात, नाही तर खोडात रुतून कायमची जखम करतात. शिवाय त्याचा भार शांत बसलेल्या माणसाचा धरलेला असतो. कोयत्याने झावळ्या तोडणाऱ्या, नारळाचा घड ओढणाऱ्या माणसाचे हिसके त्यात गृहीत नसतात. मी तो माडावर लावू देत नाही.

पण त्या स्टँडवाल्यांच्या सवयी जरूर उचलाव्यात. वर सांगितलेलं, सुरुवातीला बाहेरचं टोक वर ठेवणं, ही त्यांची पक्की रीत आहे. दुसरी सवय म्हणजे हत्यार अंगावर घेऊन चढायचं नाही. ते बंदूक रिकामी करून खाली दोरीला बांधतात, वर जाऊन बसल्यावर ओढून घेतात. आपण कोयता कमरेला अडकवून चढतो. फ्रेम हातभर जरी सटकली तरी तो कोयता मांडीत जातो. कोयता जाड कॅनव्हासच्या म्यानात घालून दोरीने वर ओढून घ्या, आणि उतरायच्या आधी त्याच दोरीने खाली सोडा.

नेण्या-आणण्यात मशीन बिघडतं

सटकण्याच्या काही तक्रारींचं मूळ वाहतुकीत असतं. वायरला मुरड पडते ती झाडावर नाही, गाडीवर. स्कूटरच्या पायापाशी दोन्ही फ्रेम कोंबून वायर वेडीवाकडी दाबली की काम झालं.

फ्रेम एकीत एक बसतील अशा ठेवा, रबराचे दांडे एकमेकांवर घासणार नाहीत अशा. मध्ये जुनी सतरंजी किंवा सायकलची ट्यूब कापून घाला, आवाजही थांबतो आणि रंगही खरवडत नाही. मग वायरची मोठी, सैल वेटोळी करा आणि फ्रेमच्या बाहेरून बांधा, आत चेपू नका. बांधायला दोरीऐवजी रुंद सपाट पट्टा घ्या. तोच पट्टा वाढवून पाठीवर घ्यायला दोन खांदेपट्टे करता येतात. मशीन पाठीवर घेताना जड भाग वर, खांद्यांजवळ आणि पाठीला चिकटलेला हवा. खाली लोंबलं की प्रत्येक पावलाला मागे ओढतं, आणि वाडीत बांधावरून चालताना तोल जातो.

एका खांद्यावर टाकून नेऊ नका. दिवसाला दोन-तीन ठिकाणी काम असेल तर दुपारपर्यंत तो खांदा भरून येतो, आणि भरलेल्या खांद्याने वरची फ्रेम सरकवायची असते.

लोकलने जायचं असेल, ठाण्याहून वाशी-नेरुळकडे, तर लगेजच्या डब्यात चढा आणि गर्दीची वेळ टाळा. फ्रेमची टोकं कापडाने गुंडाळलेली हवीत. लोकांच्या गुडघ्याला लागतात. कोयता म्यानासकट पोत्यात गुंडाळून मशीनच्या आत बांधा, हातात मोकळा नको. दुचाकीवर मशीन मागच्या सीटवर उभं बांधा, आडवं नको. घोडबंदर रोडच्या वाहतुकीत बाहेर आलेलं टोक शेजारच्या रिक्षाला लागायला वेळ लागत नाही. पोचल्यावर, बांधलेलं सोडताना, प्रत्येक वायर हातातून एकदा फिरवायची. दोन मिनिटांचं काम आहे.

पावसाळ्यात मशीन भिजलं तर पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. वायर मोकळी टांगा, कोरडी झाल्यावर तेलाचा हात फिरवा आणि जास्तीचं तेल पुसून काढा. रबराला मात्र तेलाचा थेंबही लागता कामा नये.

कोणत्या माडावर मशीन लावूच नये

खोडात भोकं आणि त्यातून तांबूस चिकट द्रव ओघळलेला, आजूबाजूला चावलेला भुसा: आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या आहेत, खोड पोकळ असू शकतं. शेंड्याचा मधला कोंब कुजून कललेला: शेंडा मोडून अंगावर येऊ शकतो. बुंध्याशी माती उचललेली किंवा फट पडलेली. महावितरणच्या तारांना झावळ्या टेकतात असा कुठलाही माड, कारण ओल्या झावळीतून वीज उतरते. तिथे आधी वीजपुरवठा बंद करून घ्यायचा, मगच काय ते काम. आणि सोसायटीने असा माड काढून टाकायचा ठरवला तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, नुसत्या कमिटीच्या ठरावावर होत नाही.

शिकायचं असेल तर बघून बघून शिकू नका. नारळ विकास मंडळाने २०११ पासून 'नारळाच्या झाडाचे मित्र' या नावाने मशीनवर चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं आहे, आणि नारळावर चढणाऱ्यांसाठी त्यांची 'केरा सुरक्षा' अपघात विमा योजनाही आहे. रोजंदारीवर हे काम करणाऱ्याने तो विमा घेतलेला असावा, आणि ज्या सोसायट्या माणूस बोलावतात त्यांनी कामाआधी तो विचारावा.

इतकं करूनही फ्रेम सटकत असेल तर ती फरशीवर ठेवून बघा. चारही कोपरे टेकतात का, आणि दोन्ही कर्ण सारखे भरतात का ते मोजा. कर्णांत फरक आला तर फ्रेम पिळली आहे, वजन एका बाजूला जातंय आणि फास तिरका खेचला जातोय. पिळलेली फ्रेम ठोकून सरळ करू नका, वेल्ड तिथेच तुटतं. ती बदला. कर्ण बरोबर असतील तर मला किंवा कोणालाही विचारताना एवढं सांगा: माडाचा घेर छातीशी किती आणि वर किती, किती उंचीवर सटकतं, वरची फ्रेम सटकते की खालची, वायर किती जाड आणि आवरण आहे की नाही, आणि शेवटचा पाऊस कधी पडला. फोटो बाजूने काढलेला हवा, फ्रेमचा कोन दिसेल असा. समोरून काढलेल्या फोटोत काहीच कळत नाही.